दगडोबा वस्ताद आणि फुकटचे पाहुणे

गावाचं नाव सांगत नाही. लोहारा तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. त्या दिवशीच्या हाणामारीची केस अजून कोर्टात आहे, आणि उगाच कुणाचं नाव घेऊन साक्षीच्या तारखा मागं लावून घ्यायची कुणाला हौस आलीय.

माणसाचं नाव मात्र लपवून लपणारं नाही. दगडोबा वस्ताद. दोन्ही कान मोडून त्यांच्या गाठी झालेल्या, मान खांद्यात गेलेली, उजवा गुडघा कधी साथ देईल आणि कधी दगा, याचा नेम नाही. बाजारात मेथीची जुडी घ्यायला उभा राहिला तरी माणसं जरा वळसा घालून जात. त्याच्या तालमीत डाव चुकला की पाठीवर थाप पडायची, आणि ती थाप खाल्लेला पोरगा दोन रात्री पालथा झोपायचा. आयाबाया कुरकुरत, पण पोरांना पाठवत, कारण तालमीत जाणारं पोर दारूच्या दुकानाकडं जात नसे. तेवढं एक पुण्य वस्तादाच्या नावावर होतं.

या माणसाची एक खोड होती, आणि ती समजल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही. त्याला नाही म्हणता येत नव्हतं.

जत्रेच्या फडात रीत अशी असते, की पैलवान हात वर करून मैदानाला फेरी मारतो. ज्याला त्याच्याशी लढायचंय त्यानं पुढं होऊन तो हात धरायचा. धरला की जोड लागली. समोर आलेला हात झटकला तर ती माघार, आणि माघार अशी वस्तू आहे की ती माणसाच्या आधी पुढच्या गावाला पोचते. दगडोबानं उभ्या हयातीत कुणाचा हात झटकला नव्हता. अंगात ताप असताना त्यानं जोड घेतली होती. परंड्याला बोट निखळलेलं असताना घेतली होती आणि वर बरगडी मोडून आला होता. हरला असेल, मार खाल्ला असेल, पण माघार नाही.

फडात ही गोष्ट शोभते. घरात ती महाग पडते. दारावर येईल त्याला दगडोबा हो म्हणायचा. पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, हो. गुडघेदुखीचा पट्टा आला, हो. कुणाच्या तरी वरातीत पुढं नाचायचं निमंत्रण आलं, गुडघ्यासकट हो. बायको धुरपदाबाई शेजारणीला म्हणायची, "देवानं ह्या माणसाच्या तोंडाला समदं दिलं, निस्तं न्हाय म्हणायचं तेवढं इसरला." तिचंही लग्न असंच ठरलं होतं. तिच्या बापानं पसंत आहे का विचारलं आणि यानं मुलगी बघायच्या आधीच मान हलवली. नशीब त्याचं, की ती धुरपदाबाई निघाली.

तालमीत पोरी आल्या त्याही या हो-मुळंच. निकिता ही गावातली पोरगी, लोहाऱ्याच्या कॉलेजात जाणारी. एका सकाळी ती तालमीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वस्ताद, मला कुस्ती शिकायचीय." दगडोबा व्हय म्हणाला. म्हणाला आणि मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं, कारण ही निकिता म्हणजे शंभूची धाकटी बहीण, आणि शंभू म्हणजे त्याचा सगळ्यात तगडा चेला.

शंभू त्याच दिवशी आला. लाथेनं दार उघडलं, खुंटीवरचे कपडे ओढून फेकले आणि सगळ्यांच्या देखत वस्तादाला म्हणाला, "आमच्या घरच्या इज्जतीला चड्डी घालून नाचवताव व्हय?" दगडोबानं त्याच्या कानफटात अशी लगावली, की शंभूचा ओठ फुटला. शंभूनं तोंडातलं रक्त तालमीच्या मातीत थुंकलं. ज्या मातीला रोज हळद-कुंकू वाहून पाया पडायचं, त्या मातीत. शंभू निघून गेला तो परत त्या दारात आला नाही, पण गावभर बोलत राहिला. तरी निकिता यायची थांबली नाही, आणि तिच्या मागं आणखी पोरी आल्या. त्या वयात दगडोबाला पहिल्यांदा कळलं, की काही पोरांना थाप मारावी लागत नाही, नुसतं दाखवलं तरी कळतं. त्या पोरींवर त्याचा जीव जडला. ही तालीम गेली तर आपण कशाला उठायचं, असं तो धुरपदाबाईला म्हणायचा.

शेवटी जत्रा कमिटीच्या बाबूराव गुरुजींनी तोड काढली. गुरुजी रिटायर्ड हेडमास्तर, मितभाषी, पण त्यांचा शब्द गावात चालायचा. ते म्हणाले, "दगडोबा, यंदाच्या फडात मुलींची एक जोड लावू. नीट पार पडली, तर तुमच्या मुलींच्या तालमीला पुन्हा कुणी नाव ठेवणार नाही, ते माझ्याकडं लागलं. पण काही वेडंवाकडं झालं, तर मला तुमची बाजू घेता येणार नाही. मग कुलूप लावायचं." दगडोबा अर्थातच हो म्हणाला.

आता लॅपटॉपकडं येऊ.

पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्यानं नवा घेतला आणि जुना काकाला दिला. पोरींच्या कुस्त्यांचे व्हिडिओ हळूहळू चालवून डाव कुठं फसला ते बघायचं, अशी वस्तादाची कल्पना होती. त्यासाठी फुकट प्रोग्रॅम मिळतो असं त्यानं ऐकलं आणि एका दुपारी स्वतःच बसला. साइटवर चहूकडं हिरवी बटणं होती. त्यातलं सगळ्यात मोठं त्यानं दाबलं, पैलवानाला साजेसं. मग एकामागून एक चौकटी येऊ लागल्या. नेक्स्ट, नेक्स्ट. एका चौकटीत दोन बटणं होती, अॅक्सेप्ट आणि डिक्लाइन. त्यानं निकिताला फोन लावून विचारलं, "डिक्लाइन म्हंजी काय गं?"

ती बसमध्ये होती. म्हणाली, "नाकारणं, वस्ताद."

"आस्सं," म्हणून त्यानं फोन ठेवला. मशीन झालं म्हणून काय झालं, समोरून हात पुढं आलेला. तो झटकायचा कसा? त्यानं अॅक्सेप्ट दाबलं. पुढच्या चौकटीतही, त्याच्या पुढच्याही. समोरचे हात पुढं करीत गेले आणि दगडोबा धरत गेला.

दोन दिवसांत त्या लॅपटॉपची धर्मशाळा झाली. उघडला की भलतंच पान उघडायचं. कोपऱ्यातून पत्त्यांचे जुगार डोकवायचे, अर्ध्या कपड्यातल्या बाया डोळा मारायच्या, व्हायरस आलाय म्हणून घंटा वाजायची. धुरपदाबाईनं एकदा ते पाहिलं आणि लाटणं घेऊनच बाहेर आली. निकितानं मग एक अख्खी दुपार खर्चून ती सगळी भुतं काढली. काढता काढता ती वस्तादाला शिकवत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा वस्ताद चेल्यासारखा मांडी घालून ऐकत होता.

"वस्ताद, फुकट मिळतंय ते येकलं कवाच येत न्हाय. तुमी येका पाव्हण्याला जेवाय बोलावलं, पर गाडीतनं त्याच्या मागं आनखी चार जण उतरले. ते तुमी बोलावलेले न्हाईत, पर ताट तुमच्याच घरचं."

"मग करायचं काय?"

"ज्यानं प्रोग्रॅम केलाय त्याच्याच साइटवरनं घ्यायचा. मधल्या दलालाकडनं न्हाय. अन् चढवताना घाई करायची न्हाय, वाचायचं. कस्टम, म्हंजी आपल्या निवडीनं चढवायचं, आसं दिसलं तर ते घ्यायचं. खाली बारक्या अक्षरात आधीच खुणा करून ठेवलेल्या आसत्यात, त्या काढायच्या. अन् भलतंच काय देऊ लागलं की डिक्लाइन."

"म्हंजी माघार."

"माघार न्हाय हो. तुमचा प्रोग्रॅम येतोच की. फकस्त त्याच्या मागनं आलेल्याला दारातनं परत लावायचं. पायजे ते घ्यायचं, बाकीचं न्हाय घ्यायचं."

दगडोबानं मान हलवली. डाव न समजलेला पोरगा वस्तादासमोर जशी हलवतो, तशीच.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून मैदान फुललं होतं. तेरखेड्याहून आणलेले फटाके पालखीच्या वाटेवर फुटत होते, हलगी कडाडत होती, लहान पोरांच्या कुस्त्यांसाठी नारळांचा ढीग लागला होता. यंदा कमिटीनं मोठा एलईडी पडदा भाड्यानं आणला होता, पैलवानांची नावं आणि फोटो दाखवायला. पडदेवाला म्हणाला, "मी पडदा लावून देतो, दाखवायचं तुमचं तुम्ही बघा." कमिटीत लॅपटॉप असलेला माणूस एकच होता. नावं, फोटो आणि वेळ दाखवणारा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो, असं कुणीतरी सांगितलं. दगडोबा मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसला.

निकिता हाकेच्या अंतरावर, लिंबाखाली बसलेली होती. तिला विचारलं असतं तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण कुस्तीच्या आधी पैलवानाशी कुणी बोलायचं नाही, हा दगडोबाच्याच तालमीचा कायदा. बोललं की त्याचं ध्यान तुटतं. स्वतःचा कायदा स्वतः कसा मोडायचा? त्यानं तिकडं पाहिलं आणि मान फिरवली.

हिरवं बटण दाबलं. नेक्स्ट. मग ती चौकट आली. खाली दोन बटणं. निकिताचे शब्द त्याला आठवत होते, असं नाही की विसरला. बाण डिक्लाइनवर नेलाही होता त्यानं. पण मागं कमिटीची माणसं गोळा झाली होती, त्यातला एकजण मोठ्यानं वाचून म्हणाला, "वस्ताद, हे काय इचारतंय? नाकारताव का म्हणतंय व्हय?" आणि चारचौघांत नाकारायचं म्हटल्यावर दगडोबाचं बोट आपोआप सरकलं. शिवाय मनात एक धाकधूक होती, नाही म्हटलं तर सगळंच गेलं म्हणजे? त्यानं अॅक्सेप्ट दाबलं. प्रोग्रॅम चालू झाला, पडद्यावर नावं झळकली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दगडोबाला वाटलं, जिंकलो.

ऊन कलायला लागल्यावर मुलींची जोड लागली. निकितासमोर सीमेकडच्या गावातली नागम्मा होती. आजीचं नाव लावलेली ही पोर अंगानं निकिताहून भरलेली, तिचे दोन भाऊ कडेला उभे. सलामी झाली आणि दोघी भिडल्या. हसायला आलेली माणसं थोड्या वेळात हसायची थांबली. नागम्मानं निकिताची मान दाबून तिला गुडघ्यावर आणलं, निकितानं खालून पट काढला, दोघी धाडकन मातीत गेल्या. मैदानातून "हाण, हाण" असा आवाज उठला, आणि तो टिंगलीचा नव्हता. पलीकडं शंभू आपल्या टोळक्यात हाताची घडी घालून उभा होता, आणि त्याचीही नजर बहिणीच्या पकडीवरून हलत नव्हती.

तेवढ्यात पडद्यावर निकिताच्या फोटोला चिकटून एक नागडीउघडी बाई उगवली. लॅपटॉपची वायर भोंग्याला जोडलेली. साऱ्या मैदानात बाईचं हसू घुमलं आणि हिंदीत आवाज आला, "अकेले हो? तुमच्या जवळच्या पोरींशी आत्ता बोला," अशा अर्थाचं काहीतरी. खाली फोन नंबर, वर निकिताचा चेहरा.

मग कुठूनतरी शिट्टी आली. मग दहा शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "वस्ताद, नंबर पुन्यांदा दावा की." दगडोबा त्या बाईची चौकट बंद करायला गेला, तर तिच्या जागी दुसरी उगवली.

शंभूनं दोरी ओलांडली. त्याच्या तोंडावर जे होतं त्याला नुसता राग म्हणणं खोटं होईल. त्यानं टेबलाला लाथ घातली, लॅपटॉप खाली पडला, त्यावर तो नाचला. मग त्यानं दगडोबाच्या छातीत डोकं घातलं. दगडोबा खुर्चीसकट उलटा झाला. पडद्यावर जोडीला नागम्माचंही नाव होतं, तिच्या भावांना वाटलं, बाई आपल्याच बहिणीच्या नावानं दाखवली. ते काठ्या घेऊन धावले आणि पहिला दणका पडदेवाल्याच्या खांद्यावर बसला. मग कोण कुणाला का मारतोय याचा हिशोब राहिला नाही. जुनी भांडणं बाहेर आली. बांधावरची, पाण्यावरची, गेल्या साली पालखी कुणाच्या दारावरून गेली त्यावरची. खुर्च्या उडाल्या. हलगीवाल्याच्या डोक्यात त्याचीच हलगी फोडली गेली.

दगडोबा उठला तेव्हा त्याच्या नाकातून धार लागली होती. शंभूच्या टोळक्यातल्या एकानं त्याच्या गुडघ्यावर काठी हाणली, त्यानं त्याला कमरेला धरून उचलला आणि जमिनीवर आपटला. दुसऱ्याच्या नाकाडावर कपाळ मारलं, ते फुटल्याचा आवाज त्याला ऐकू आला. तिसऱ्यानं मागून गळा आवळला, त्याचं बोट त्यानं उलटं वाकवलं. तो निकिताकडं पोचायला बघत होता, पण मधे माणसांची भिंत होती. बंदोबस्ताचे दोन पोलीस होते. त्यातल्या एकाची टोपी गेली आणि दुसऱ्याची काठी.

मग कुणीतरी नारळाच्या ढिगाला हात घातला. नारळ उडू लागले. त्यातला एक निकिताच्या भुवईवर बसला. ती त्या वेळी नागम्माच्या अंगावर आडवी पडून दोघींची डोकी वाचवत होती. भुवई उलली, डोळा रक्तानं भरला, ती मातीत बसली. नागम्मा किंचाळली नाही, तिनं आपल्या भावाला एक शिवी हासडली आणि निकिताचं डोकं मांडीवर घेतलं. नारळ शंभूच्या माणसांकडून आला होता, ते शंभूनं पाहिलं होतं.

पोरीचं रक्त बघून हात थांबले. एवढी लाज गावात शिल्लक होती म्हणायची.

बाबूराव गुरुजी भोंग्याजवळ गेले. त्यांचा चष्मा फुटला होता. ते म्हणाले, "दगडोबा, पडद्यावर ते कुणी आणलं?"

"म्या," दगडोबा म्हणाला. "फुकटचं घेतलं, वाचलं न्हाय. निकितानं शिकवलं हुतं, तरी न्हाय वाचलं. चूक माजी हाय."

"मग मी आता काय बोलू, तुम्हीच सांगा," गुरुजी म्हणाले.

शंभू मातीत आला. शर्ट फाडून फेकलेला, छाती धपापत होती. त्यानं हात वर करून मैदानाला फेरी मारली, अगदी रीतीप्रमाणं, आणि तो हात दगडोबासमोर आणून धरला. "वस्ताद, जोड लावा. तुमी जिंकला तर पोरींची तालीम चालू द्या, म्या तोंड उघडणार न्हाय. म्या जिंकलो तर आजच्या आज कुलूप. समद्या गावासमोर."

मैदानातून आवाज आले, "बराबर हाय," "घ्या वस्ताद." कमिटीतलेही म्हणाले, फडातली गोष्ट फडातच मिटू द्या. दगडोबाचा गुडघा सुजून घागर झाला होता. समोर त्यानंच घडवलेला, त्याच्या निम्म्या वयाचा पैलवान. आणि समोर आलेला हात.

त्याचा हात सवयीनं वर आला. आणि तिथंच थांबला. तालमीतल्या बाकीच्या पोरी लिंबाखाली एकमेकींना धरून उभ्या होत्या. दगडोबा त्यांच्याकडं बघत राहिला, इतका वेळ की लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "भ्याला म्हातारा." दगडोबाला भीती वाटतच होती. शंभूची नाही. जे बोलायचं होतं ते तोंडातून निघेल की नाही, याची.

"कुस्ती घेतो," तो म्हणाला. "कुलूप न्हाय घेत."

शंभूला कळलं नाही. "म्हंजी काय? अट हाय ती. घ्यायचं तर समदं घ्या, न्हायतर माघार म्हणा."

"न्हाय. तुज्या भनीची बेज्जती माज्या हातनं झाली. त्याचा मार म्या खाईन, पायजे तेवढा मार. पर पोरींनी काय दाबलंय? त्यांची तालीम ह्यात न्हाय. तू जितलास तरी न्हाय, म्या जितलो तरी न्हाय. घ्यायची तर अशी घे."

गलका झाला. माघार, माघार म्हणून काहीजण ओरडले. आयुष्यभर ज्या शब्दाला हा माणूस घाबरला, तो शब्द चारी बाजूंनी अंगावर येत होता आणि तो तसाच हात पुढं करून उभा होता. शेवटी गुरुजी म्हणाले, "शंभू, कुस्ती तुला मिळाली आहे. अट त्यांनी नाकारली आहे. लढायचंय का?"

शंभूनं हात धरला.

ती कुस्ती नव्हतीच. शंभूनं पहिल्याच झटक्यात दुखरा गुडघा ओढला आणि वस्ताद तोंडावर आपटला. शंभूनं त्याला उठू दिलं आणि पुन्हा आपटला. पुन्हा उठू दिलं. मातीत घासून दगडोबाच्या गालाचं कातडं निघालं. एकदा त्यानं शंभूची कंबर पकडलीही, जुन्या ताकदीनं, आणि शंभूचे पाय जमिनीवरून सुटले. पण गुडघा लटपटला आणि दोघं कोसळले. शंभू पाठीवर बसला, त्यानं वस्तादाचा उजवा हात मागं घेतला आणि पिळायला सुरुवात केली. हा पेच दगडोबानंच त्याला शिकवला होता. कुठवर पिळायचा आणि कुठं सोडायचा, तेही शिकवलं होतं.

"म्हणा, कुलूप लावतो," शंभू त्याच्या मोडक्या कानाशी म्हणाला. "म्हणा, सोडतो."

"न्हाय."

हात आणखी वर गेला. दगडोबाच्या तोंडात माती गेली होती. डोळ्यांपुढं सगळं पिवळं झालं.

"वस्ताद, मोडंल. म्हणा की." शंभूचा आवाज आता धमकीचा राहिला नव्हता. तो जवळजवळ विनवत होता.

"न्हाय," दगडोबा म्हणाला.

वाळलेली तुरकाटी मोडावी तसा आवाज झाला. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं डोळे झाकले. शंभूनं हात चटका बसल्यासारखा सोडला. वस्तादाला त्यानं उताणं केलं की तो आपसूक उताणा झाला, कुणास ठाऊक, पण पाठ मातीला लागली होती. गुरुजींनी शंभू विजयी म्हणून सांगितलं. टाळी कुणीच वाजवली नाही. मग ते तसेच थांबून म्हणाले, "तालमीचं या कुस्तीत काही ठरलेलं नव्हतं. मुलींची तालीम आहे तशी चालू राहील. आणि आज मैदानात जे झालं ते त्या मुलींनी केलेलं नाही, हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. ज्याला बोलायचंय त्यानं उद्या माझ्या घरी यावं." फुटक्या चष्म्यातून त्यांनी मैदानावर नजर फिरवली.

धुरपदाबाई गर्दी फाडून आली. तिनं नवऱ्याचा हात पाहिला आणि तोंडाला पदर लावला. "न्हाय म्हणायला शिकलाव तर कुठं शिकलाव," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. कुणीतरी जीप आणली. सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं.

तोवर मातीत एक वेगळीच गोष्ट चालली होती. नागम्मानं कडेला ठेवलेली आपली ओढणी फाडून निकिताच्या भुवईला घट्ट पट्टी बांधली होती. गाठ मारून झाल्यावर ती उभी राहिली, दोन पावलं मागं सरली आणि तिनं हात पुढं केला. म्हणाली, "आपली कुस्ती ऱ्हायलीया नव्हं?" निकितानं वस्तादाकडं पाहिलं. पडदा विझलेला होता, हलगी फुटलेली होती, एका डोळ्यानं तिला दिसत नव्हतं. दगडोबाचा उजवा हात उचलत नव्हता. त्यानं डावा वर केला.

"वस्ताद, आधी गाडीत बसा," जीपवाला म्हणाला.

"न्हाय. आधी कुस्ती."

दोघी भिडल्या. शंभू एवढा वेळ मातीतच उभा होता, कुणीकडं जावं हे न कळल्यासारखा. तो वस्तादाच्या शेजारी येऊन गुडघ्यावर बसला आणि त्यानं मोडलेला हात कोपरापाशी आपल्या दोन्ही तळव्यांवर झेलून धरला. मग वस्तादाला जीपकडं न्यायला तो उठू लागला.

दगडोबाची नजर निकितावर होती.

"हलवू नगंस," तो म्हणाला. "बघू दे मला."